सतरा मिनिटांची उघडीप

आमच्या भागात हल्ली पित्ताशयात खडे निघाले की घरात आनंद होतो. सगळ्यांच्या नाही, ज्या घरात कंपवाताचा जुना पेशंट आहे, त्यांच्या. हर्नियाही चालतो. अपेंडिक्सला तेवढा मान नाही, कारण ते घाईत काढावं लागतं आणि पाहुण्यांना कळवायला वेळ मिळत नाही.

कारण ऑपरेशन म्हणजे भूल, आणि भूल म्हणजे उघडीप.

हा शब्द डॉक्टरांचा नाही. त्यांच्या कागदावर लांबलचक नाव आहे, ते मला अजून एका दमात म्हणता येत नाही. पावसाळ्यात आठ-आठ दिवस आभाळ भरलेलं असतं आणि मधेच तासभर ऊन पडतं, बायका पळत जाऊन ओली धुणी बाहेर टाकतात, तसं हे असतं म्हणून लोकांनीच नाव ठेवलं. भूल उतरताना माणूस सतरा मिनिटं बरा होतो. हात थरथरत नाही, जीभ अडखळत नाही, चेहऱ्याचं लाकूड झालेलं असतं तिथं पुन्हा चेहरा येतो. मग आभाळ परत भरून येतं, आणि आधीपेक्षा खाली येतं.

हे शेवटचं वाक्य कुणी पत्रिकेत छापत नाही. हो, पत्रिका छापतात. कवठ्याच्या एका घरची मी स्वतः वाचली आहे: ‘आमचे तीर्थरूप यांची उघडीप मंगळवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास योजिली आहे, तरी सहकुटुंब येऊन त्यांच्याशी बोलावे.’ खाली बारीक अक्षरात, ‘आहेर आणू नये.’

माझे यजमान अंकुश झांबरे, एसटीत तीस वर्षं कंडक्टर, तासगाव डेपो. बावन्नाव्या वर्षी हातातलं तिकिटाचं मशीन थरथरायला लागलं. वास त्याच्या आधीच गेला होता. स्वयंपाकघरात गॅस गळत होता आणि हे शेगडीशेजारी बसून पेपर वाचत होते, ही गोष्ट आम्ही कितीतरी दिवस विनोद म्हणून सांगायचो. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की ह्या रोगात सगळ्यात आधी नाक जातं. मग विनोद बंद केला.

त्याला आता बारा वर्षं झाली. ह्यांची एक उघडीप झालेली आहे, सव्वा वर्षापूर्वी, पित्ताशयाच्या वेळची. त्यानंतर चालणं गेलं आणि पुटपुटण्याएवढं बोलणं राहिलं होतं तेही गेलं. ह्या फेब्रुवारीत जांघेत लिंबाएवढी गाठ आली. दोन दिवसांत ती मोसंबीएवढी झाली आणि आत जाईना. मिरजेला नेलं तर सर्जन म्हणाले, आतडं अडकतंय, परवा सकाळी करून टाकू. आणि भुलेच्या डॉक्टरांशी बोलून घ्या.

भुलेच्या डॉक्टर म्हणजे मुजावरबाई. चाळिशीच्या, केस अर्धे पांढरे, रंगवायला वेळ नसलेल्या. ह्यांच्या खाटेपाशी स्टूल ओढून बसल्या आणि आधी गोळ्यांचं वेळापत्रक मागितलं.

“सकाळी सहाची गोळी परवासुद्धा द्यायची, घोटभर पाण्याबरोबर,” त्या म्हणाल्या. “उपाशी पोटी म्हणजे गोळीपण नाही, असं समजून लोक देत नाहीत. मग माणूस टेबलावर लाकडासारखा येतो. ताप चढतो, कधीकधी हाताबाहेर जातं. आणि मळमळीचं एक नेहमीचं इंजेक्शन ह्यांना विषासारखं आहे. हा लाल पट्टा मनगटावर बांधते, कुणालाही काढू देऊ नका.”

मी दोन्ही गोष्टी लिहून घेतल्या. मग त्या उघडिपीवर आल्या. मागच्या वेळच्या डॉक्टरांनी काही समजावलं नव्हतं, म्हणून मी विचारलं की हे नेमकं होतं कसं.

“मेंदूच्या बुडाशी दोन काळसर पट्टे असतात, अगदी लहान. तिथल्या पेशी एक रसायन करतात, डोपामिन. हालचालीवरचा ब्रेक सोडायचा, हे त्याचं काम. पेशी मेल्या, रसायन आटलं की ब्रेक दाबलेलाच राहतो. इथं पडद्यावर बघा.” ह्यांच्या डोक्यावर त्यांनी एक टोपी चढवली होती, तिच्या वायरीतून पडद्यावर सेकंदाला वीस ठोक्यांची एक बारीक लाट दिसत होती, एकसारखी, न थांबणारी. “आपल्यात ही लाट येते आणि जाते. ह्यांच्यात अडकून बसलीय. भूल दिली की बाकीच्या लाटांबरोबर हीसुद्धा विरते. गाढ झोपेत थरथर थांबते, बघितलंय ना तुम्ही?”

“बघितलंय. बघायलाच जागते कधी कधी.”

“पूर्वी शुद्धीवर येताना सगळा मेंदू एकदम जागा व्हायचा, ब्रेकसकट. नवं मशीन भूल थेंबाथेंबानं उतरवतं, आणि टोपीतून आवाजाच्या लहरी, आपल्याला ऐकू न येणाऱ्या, मेंदूत नेमक्या ह्या ब्रेकच्या गाठीवर रोखून धरतं. म्हणजे बाकी सगळे जागे आणि ब्रेकवाला तेवढा झोपलेला.”

“मग त्याला कायमचाच झोपू द्या की.”

“सतरा मिनिटांच्या वर लहरी चालवल्या तर मेंदूतली ती गाठ तापते, भाजून निघते. आणि त्या सतरा मिनिटांत उरलेल्या पेशी उरलंसुरलं रसायन उधळून टाकतात. बऱ्याचशा त्यातच संपतात. म्हणून नंतर माणूस एक पायरी खाली जातो.”

“मागच्या वेळी चालणं आणि बोलणं. ह्या वेळी?”

“गिळणं,” त्या म्हणाल्या. “ह्या पायरीवर दहांतल्या आठांचं जातं. मग पोटात नळी.”

“आणि साधी भूल दिली तर?”

“जोखीम आहेच. कफ, दोन-चार दिवस भ्रम. पण सांभाळलं तर आज आहेत तसे घरी जातील.”

नियम त्यांनी सांगितले. उघडीप फक्त गरजेच्या ऑपरेशनबरोबर मिळते, आयुष्यात तीनदा, आणि पेशंटची संमती लागते. बोलता येत नसेल तर खुणेनं. कागदावर एक रकाना असतो: रुग्णाची खूण ओळखणारी व्यक्ती.

“म्हणजे मी.”

“म्हणजे तुम्ही, काकू.”

“स्वतःच्या तोंडानं हो-नाही हे कधी सांगू शकतील?”

मुजावरबाईंनी टोपीची वायर गुंडाळली. “उघडिपीतच,” त्या म्हणाल्या.

मागच्या उघडिपीचं सांगायला हवं. खोलीत अठ्ठावीस माणसं होती. दिरांनी छोटंसं भाषण केलं. लेकीच्या सासूबाईंनी शाल-श्रीफळ दिलं. डेपोतले सहाजण आले होते, त्यांना ह्यांनी “पुढं सरका, पुढं सरका, मागं जागा आहे” म्हणून हसवलं आणि त्यांच्यातला एक बाहेर जाऊन रडला. तृप्ती, आमची लेक, गळ्यात पडून दोन मिनिटं बोलली. मी पेढे वाटत होते. इतकी माणसं आलेली, कुणी रिकाम्या हातानं जाऊ नये, कुणाला चहा राहू नये, हे बघत होते. रिकामा बॉक्स ठेवून मी खाटेपाशी आले तेव्हा ह्यांचा हात थरथरायला लागला होता. कुणी मला लांब ठेवलं नव्हतं. मीच यजमानीण झाले होते.

संध्याकाळी तृप्तीचा पुण्याहून फोन आला.

“आई, मी येऊ का?”

“नको. ह्या वेळी कुणीच नको.”

“बरं. माझं मागच्या वेळी बोलून झालंय. ही तुझी.” मग थोडं थांबून, “पण बाबांना विचारलंस ना?”

“विचारते आता.”

“दोनदा विचार हं. नेहमीसारखं.”

नेहमीसारखं म्हणजे काय, ते असं. बोलणं गेल्यापासून आमची एसटीची भाषा चालते. एक घंटी, सिंगल, म्हणजे थांबा, नको; दोन म्हणजे जाऊ द्या, हो. खाटेच्या लोखंडी दांडीवर ह्यांची अंगठी वाजते. पण हात कंपाचा. एक मारायला गेलं की कधी तीन वाजतात, कधी अख्खी गाडी सुटते. म्हणून मी प्रत्येक गोष्ट दोनदा विचारते. चहा हवा? चहा हवाच ना? दोन्ही वेळा सारखं उत्तर आलं तर खरं. पंखा, कूस, बातम्या, सगळं दोनदा. शेजारीण म्हणते, तुमच्या घरात नेहमी कुणीतरी उलटतपासणी घेत असतं.

मी खाटेच्या कडेला बसले. कागद मांडीवर होता.

“अहो. उघडीप करायची का? करायची असेल तर दोन.”

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. पापण्या फार कमी हलतात आता, त्यामुळे बघणं म्हणजे नुसतं बघणं असतं, त्यात काही वाचता येत नाही. अंगठी दांडीवर वाजली. टक. मग हात मागं जाताना आणखी एकदा वाजली. हलकी. दांडीला घासून गेल्यासारखी.

मी पेन उचललं आणि रकान्यात लिहिलं, ‘दोन.’ खाली सही केली.

तृप्तीचा परत फोन आला. “विचारलंस? दोनदा?”

“दोनदा,” मी म्हणाले.

मग कॅलेंडरचा जानेवारीचा कागद उलटा करून मी प्रश्न लिहायला बसले. सतरा मिनिटं म्हणजे किती, ह्याचा अंदाज मला मागच्या वेळी आला होता. अकरा प्रश्न झाले. चादर टोचते का. कूस बदलताना मी खांद्याला धरते ते दुखतं का. त्या दिवशी मी ओरडले ते लक्षात आहे का. बातम्या लावून ठेवते ते आवडतं की सहन करता. अकरावा लिहून खोडला आणि परत लिहिला: अजून जगावंसं वाटतं का.

ऑपरेशनच्या दिवशी सहाला घोटभर पाण्याबरोबर गोळी दिली. ह्यांच्या पोटात काही नाही आणि मी डबा उघडून बसायचं, हे मला जमत नाही, त्यामुळे मीही काही खाल्लं नाही आणि घरून काही आणलंही नाही. साडेनऊला आत नेलं. पावणेबाराला सिस्टर सालोमी दारात आल्या. बेतास बात उंचीच्या, सावकाश बोलणाऱ्या. “काकू, चला. जांघेतली गाठ चांगली बसवली. आता टोपी चालू करतायत.”

उघडिपीची खोली लहान होती. समोरच्या भिंतीवर लाल आकडे, सतरा आणि दोन शून्यं. मुजावरबाई पडद्याकडे बघत उभ्या. त्यांनी बटण दाबलं, आकडे उलटे पळायला लागले आणि ह्यांनी डोळे उघडले.

“उजू,” हे म्हणाले.

माझं नाव उज्ज्वला. उजू म्हणणारं जगात एकच माणूस आहे. आवाज भुलेनं घोगरा झालेला होता, पण ओळखीचा. मी तयारी करून आले होते की रडायचं नाही, वेळ जातो. कागद उघडला.

“किती राहिलीत?”

“सोळा. अहो, मी काही लिहून आणलंय—”

“मी सिंगल दिली होती,” हे म्हणाले.

कागद हातात तसाच राहिला.

“दुसरी हाताची होती, उजू. माझी नव्हे. तुला कळतं ते.”

“मला दोन ऐकू आल्या,” मी म्हणाले.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. कपाळावर आठी पडली, डाव्या भुवईच्या वर, पूर्वी पडायची तिथंच. राग होता तो. सव्वा वर्षात ह्या चेहऱ्यावर मी काहीही पाहिलं नव्हतं, आणि सांगायला लाज वाटते, पण तो राग बघून मला बरं वाटलं.

“बरं,” हे म्हणाले. “विचार काय विचारायचं ते.”

“चादर टोचते का?”

“काय?”

“चादर. निळी. टोचते का?”

हे क्षणभर बघत राहिले आणि हसले. मनापासून नाही, पण हसले. “त्याच्यासाठी गिळणं घालवलंस होय माझं?”

“तुम्हाला कसं—”

“डॉक्टरबाई माझ्या उशाशी बसूनच सांगत होत्या की. मी बोलत नाही. बहिरा नाही झालो.”

मुजावरबाईंनी पडद्यावरची नजर काढली नाही, पण त्यांचे कान लाल झाले.

“मला वाटलं, खाण्याचं तुम्हाला आता काय राहिलंय,” मी म्हणाले. “वास जाऊन बारा वर्षं झाली. वासाशिवाय चव नसते, डॉक्टरच म्हणाले होते. घास घशाखाली जातो एवढंच. ते नळीनंही जाईल. पण बोलणं...”

“वास गेला. तिखट कुठं गेलंय?” हे म्हणाले. “तिखट नाकात नसतं. जिभेला चटका बसतो तो बसतोच. सव्वा वर्ष तू मला मऊ आटवल भात भरवतेस, मीठसुद्धा बेतानं. पण तुझ्या स्वतःच्या ताटात ठेचा असतो. सकाळी वाटतेस, हात धुतेस, तरी बोटाला राहतो. दुपारच्या पहिल्या घासाला लागतो तो. दुसऱ्या घासाला काही नसतं. त्या पहिल्या घासाची मी सकाळपासून वाट बघत असतो, उजू. तेवढं एक होतं.”

मी माझ्या बोटांकडे बघितलं. आदल्या रात्रीपासून उपास. बोटांना काहीच लागलेलं नव्हतं.

भिंतीवर बारा मिनिटं चाळीस सेकंद होते.

“मग आता काय करू?”

“भजी आण. मिरचीची.”

“अहो काका, नाही हं,” सिस्टर सालोमी पुढं आल्या. “भूल उतरतीय अजून. चार तास पाणीसुद्धा नाही.”

सगळ्यांनी मुजावरबाईंकडे बघितलं. त्यांनी भिंतीवरचे आकडे बघितले, मग ह्यांच्याकडे वळल्या.

“झांबरेकाका, उलटी झाली आणि फुप्फुसात गेली तर न्यूमोनिया होईल. त्यात जाऊ शकता. कळतंय?”

“कळतंय.”

“तरी हवंय?”

“हवंय.”

“सिस्टर, वेळ टाका आणि लिहा, पेशंटनं स्वतः मागितलं, धोका सांगून.” मग माझ्याकडे वळून, “ह्या क्षणाला घसा चांगला चाललाय. संध्याकाळी तो नसेल. मी ह्यांना सरळ बसवते आणि सक्शन हातात धरते. बारीक घास. आणा.”

“मी वॉर्डातून कुणाला तरी पाठवते,” सिस्टर म्हणाल्या. पण माणूस शोधायचा, त्याला समजावायचं, ह्यातच निम्मी मिनिटं गेली असती. कँटीन तळमजल्यावर, आम्ही तिसऱ्या. कागद खाटेवर ठेवला आणि मी निघाले.

लिफ्टच्या दारात स्ट्रेचर अडकलेलं. जिना घेतला. पायऱ्या उतरताना मी हिशेब केला नाही, करायचा नाही असं ठरवलं, तरी मनात आलंच: ही सतरा मिनिटं मी बोलण्यासाठी घेतली होती, ह्यांना न विचारता घेतली होती, आणि ती मी एकटी जिन्यात घालवते आहे.

कँटीनमध्ये रांग होती. गल्ल्यावरच्या बाईंना मी म्हणाले, “मला आधी द्या, माझ्या माणसाचं ऑपरेशन झालंय.”

“इथं सगळ्यांच्याच माणसांचं ऑपरेशन झालंय, ताई,” त्या म्हणाल्या. “कुपन घ्या.”

त्यांचं खोटं नव्हतं. मी कढईकडे बघितलं, घाणा नुकताच काढला होता. समोर एक गृहस्थ मिरचीभजीची बशी घेऊन वळले. मी ती बशी घेतली. मागितली नाही, घेतली. ते “अहो बाई” म्हणेपर्यंत मी जिन्यात होते. त्या गृहस्थांना मी नंतर शोधलं, ते सापडले नाहीत.

वर आले तेव्हा छातीत भाता चालला होता आणि भिंतीवर तीन मिनिटं दहा सेकंद होते. ह्यांना उशा लावून बसवलं होतं. मी मिरची मोडली, फुंकली, लहान घास केला आणि तोंडात दिला.

हे चावत होते. किती दिवसांनी मी ह्यांचा जबडा नीट, गोल फिरताना बघत होते. गिळलं. गळ्याची घाटी वर गेली आणि खाली आली, सरळ. मुजावरबाईंनी मान हलवली. दुसरा घास. डोळ्यांत पाणी आलं, नाक वाहायला लागलं, तोंड उघडून ह्यांनी हाऽऽ केलं, लहान मुलं करतात तसं.

“लागली?”

“झकास,” हे म्हणाले. “अजून.”

एक अख्खी खाल्ली. दुसरी मोडली. मी काही विचारलं नाही, ह्यांनी काही सांगितलं नाही, तोंड भरलेलं होतं. अकरा प्रश्नांच्या कागदावर बशी ठेवली होती, तो तेलानं पारदर्शक झाला होता. चौथ्या की पाचव्या घासाला चावणं सावकाश झालं. मी भिंतीकडे बघितलं नाही. जबडा अर्ध्यावर थांबला.

“पुरे,” मुजावरबाई म्हणाल्या, “पुरे, पुरे. सिस्टर.”

सिस्टर सालोमींनी हातमोज्याचं बोट घालून गालातला हिरवा तुकडा अलगद बाहेर काढला आणि मुजावरबाईंनी नळीनं उरलेलं ओढून घेतलं. ह्यांचा चेहरा परत लाकडाचा झाला होता. तिखटाचं पाणी मात्र डोळ्यांतून वाहतच होतं, कारण त्याला ब्रेकशी काही घेणंदेणं नसतं. मी पदरानं पुसत राहिले.

दुपारी वॉर्डात हलवल्यावर मी सिस्टरना व्हरांड्यात गाठलं.

“मी खाली होते तेव्हा काही बोलले का हो?”

“साडेआठ-नऊ मिनिटं नव्हता तुम्ही. बोलले की.”

“काय?”

“म्हणाले, तिचे गुडघे धरलेत, जिन्यानं गेली असणार. लिफ्टनं जा म्हणायला पाहिजे होतं.” सिस्टर आठवायला थांबल्या. “मग मला विचारलं, घर कुठं. म्हटलं, बेडगला. तर मिरज-बेडगचे सगळे स्टॉप म्हणून दाखवले ओळीनं. एक राहिला. मी सांगितला, तर म्हणाले, तो नवीन झाला असेल.”

“आणि?”

“आणि काही नाही. दाराकडे बघत होते.”

न्यूमोनिया झाला नाही. गिळणं गेलं, दहांतल्या आठांचं जातं तसं. तिसऱ्या दिवशी लाळसुद्धा घशात साठायला लागली. नाकातून नळी घातली, ती ह्यांना सोसेना, हात कसाबसा वर नेऊन उपटायला बघायचे. मग हातही हलेनासा झाला. आठव्या दिवशी पोटात कायमची नळी बसवायचं ठरलं. इतकं ताठरलेलं अंग, पूर्ण भूल द्यावी लागणार होती.

मुजावरबाई तोच कागद घेऊन आल्या. स्टूल ओढून बसल्या, पण ह्या वेळी उशाशी नाही. मग त्यांच्याच लक्षात आलं आणि स्टूल उशाशी सरकवलं.

“नियमानं मला विचारावं लागतं,” त्या ह्यांच्याकडे बघत म्हणाल्या. “तिसरी उघडीप मिळू शकते. शेवटची. नंतर काय जाईल, ते ह्या पायरीवर कुणी सांगू शकत नाही.” मग माझ्याकडे. “खूण करतात का?”

अंगठी बोटात होती. मी हात दांडीवर ठेवून पाहिला. बोट उचललं नाही. कंपसुद्धा नव्हता आता. जिथं ठेवला तिथं राहिला.

मला ती उघडीप हवी होती. खोटं कशाला बोलू. तेलकट कागद घडी करून माझ्या पिशवीत होता आणि चादरीचंसुद्धा उत्तर मला मिळालेलं नव्हतं. सतरा मिनिटं बसून राहावं, आत काही आणायला जाऊ नये, नुसतं उजू म्हणून घ्यावं. कुणी अडवणार नव्हतं. ‘दोन’ लिहिलं असतं तर कुणाला कळलं असतं?

मी ‘उघडीप नको’ वर खूण केली. त्याच्या खाली विचारलं होतं, नकार कुणाचा, रुग्णाचा की नातेवाईकाचा. मी ‘रुग्णाचा’ वर खूण केली.

मुजावरबाईंनी कागद उलटा फिरवून वाचला. “पण काकू, ह्यांनी तर काही खूण केली नाही.”

“केली होती. मागच्या वेळी.”

“मागच्या वेळी तुम्ही दोन लिहिलंत. माझ्याकडे सही आहे.”

“एक होती.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “तुम्हाला नंतर कळलं, ते बोलले तेव्हा, असं म्हणताय ना?” त्या हळू म्हणाल्या. वाट काढून देत होत्या. “कारण तेव्हाच माहीत असेल, तर मला ते वर कळवावं लागेल. ह्यांची खूण ओळखणारी व्यक्ती म्हणून तुमचं नाव राहणार नाही.”

ह्यांचे डोळे उघडे होते, छताकडे. बहिरे नाहीत ते.

मी खाटेवर वाकले, ह्यांच्या नजरेसमोर चेहरा येईल अशी.

“तेव्हाच माहीत होतं,” मी म्हणाले. डॉक्टरबाईंना नाही.